लाटा आणि प्रवाह बरोबर येतात, मग मॉडेलमधला गाळ मोजमापाशी का जुळत नाही?

तुम्ही विचारले आहे की, किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या संगणकीय मॉडेलमध्ये पातळी, प्रवाहाचा वेग आणि लाटांची उंची चांगली जुळत असताना पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचे प्रमाण मात्र तिप्पट-चौपट का चुकते. अशा मॉडेलांवर काम करताना मला दोष बहुतेक वेळा तळालगतच्या काही सेंटिमीटरांतच सापडला आहे.

लाट तळ ढवळते आणि प्रवाह गाळ वाहून नेतो. लाटेखालचे पाणी दर काही सेकंदांनी उलट फिरत असल्यामुळे तिच्या सीमास्तराला, म्हणजे तळाच्या घर्षणाने पाणी मंदावते त्या थराला, वाढायला अवधीच मिळत नाही. तो काही सेंटिमीटर जाडीचाच राहतो, आणि म्हणून तेवढ्याच वेगाच्या प्रवाहापेक्षा लाटेचा तळावरचा घर्षणताण कितीतरी जास्त असतो. या दोन ताणांची नुसती बेरीज करून भागत नाही, तेव्हा तुमचे मॉडेल ते कसे एकत्र करते हे आधी पाहा. त्याचबरोबर उभे थरही तपासा. दहा मीटर खोलीचे दहा समान थर केले असतील, तर सर्वांत खालचा थर एक मीटरचा होतो आणि वाळूची बहुतेक हालचाल त्या एकाच थराच्या सरासरीत हरवते.

वाळूच्या तळावर लाटांमुळे उठणाऱ्या वळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. पाणी वळीच्या माथ्यावरून जाताना पलीकडच्या बाजूला एक लहानसा भोवरा धरतो, त्यात वाळू साठते आणि पाणी उलटताच ती एका झोतात वर उसळते. म्हणूनच सपाट तळासाठी बसवलेला खडबडीतपणाचा आकडा वळ्यांच्या तळाला लावला, तर उत्तर हमखास चुकते.

कण कधी हलू लागेल हे सांगणारा शिल्ड्स यांचा १९३६ चा निकष सुट्या वाळूसाठी आहे. चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे तिथे तळाचा नमुना आणून धूप सुरू होण्याचा ताण प्रत्यक्ष मोजावाच लागतो. निवळण्याचा वेगही कणागणिक फार बदलतो. ०.२ मिलिमीटरची वाळू सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर खाली येते, म्हणजे स्थिर पाण्यात दहा मीटर उतरायला तिला आठ-नऊ मिनिटे पुरतात, ०.०२ मिलिमीटरच्या सुट्या कणाला त्यासाठी सात तासांहून अधिक लागतात आणि तेवढ्यात ओहोटीची भरती झालेली असते. सगळा गाळ एकाच सरासरी आकाराचा धरणे हे मला म्हणूनच पटत नाही.

वेगातली लहान चूकही इथे मोठी होते. वाळूचे वहन वेगाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या घाताप्रमाणे वाढते. चौथा घात धरला, तर वेग वीस टक्क्यांनी चुकताच वहन दुप्पट होते.

मॉडेलमधले धुपीचे गुणांक, म्हणजे तळ किती वेगाने झिजतो ते ठरवणारे आकडे, बदलण्याआधी मात्र मोजमापही तपासून घ्या. प्रकाशावर चालणारा गढूळपणामापक तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षा बारीक गाळाला कितीतरी तीव्र प्रतिसाद देतो. तो त्याच जागेच्या गाळावर प्रमाणित केलेला नसेल, तर आधी तिथल्या पाण्याचे नमुने गाळून, वाळवून वजन करा आणि मग तुलना पुन्हा मांडा.