एसी सर्व्हिसिंगच्या धंद्यात पाव हिस्सा: किती द्यावेत?

मालक पाव हिश्श्याचे दहा लाख मागतोय म्हणून दहा लाखांवरून घासाघीस सुरू करू नकोस. आधी नफा सोल.

समज, मालक वर्षाचा नफा 12 लाख सांगतो. पण तो स्वतः रोज साइटवर राबतो आणि पगार घेत नाही. त्याच्या जागी माणूस ठेवला तर महिना 40 हजार, म्हणजे वर्षाला 4.8 लाख जातील. खरा नफा उरला 7.2 लाख. सगळी गिऱ्हाइकं त्याच्या मोबाइलमध्ये असलेल्या अशा धंद्याला मी वर्षाच्या खऱ्या नफ्याच्या दुपटीहून जास्त देत नाही. वार्षिक देखभालीचे करार भरपूर असतील तर अडीचपट. दुपटीने धंदा 14.4 लाखांचा, पाव हिस्सा 3.6 लाखांचा.

नफा वहीवरून मानू नकोस. तीन वर्षांची जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून बघ. एप्रिल-मेची कमाई बाराने गुणून दाखवणारेही भेटतात (मी फसलोय!).

पैसे मालकाच्या खिशात जाणार की धंद्यात, हेही विचार. 3.6 लाख धंद्यात गेले तर धंदाच 18 लाखांचा होतो, मग तुझा हिस्सा 20 टक्केच.

भागीदारी करारात बाहेर पडताना हिशेब कसा होणार ते लिहून घे आणि फर्म नोंदवून घे. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर कराराच्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही. आणि फर्मच्या पुढच्या कर्जासाठी तुझं घरही अडकू शकतं, हिस्सा पावच असला तरी.