माझी बाइक २०१८ची पल्सर १५० आहे. सेल्फ मारला की नुसतं टक-टक होतं, किकने गाडी चालू होते. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली. खरंच बदलावी का, आणि घरी बदलता येते का?

गॅरेजवाला बरोबर असेलही, पण त्याने व्होल्टेज मोजायचा मीटर लावून बघितलं का? तुम्ही लिहिलंय २०१८ची पल्सर १५०, बॅटरीला तीन वर्षं होऊन गेली, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, इंडिकेटर दिला की स्पीडोमीटरची लाईट मंद होते. लक्षणं बॅटरीचीच आहेत. फक्त ती वयाने गेली की गाडीने मारली हे बघितल्याशिवाय नवीन टाकू नका. आमच्या सोसायटीत एका काकांनी नवी कोरी बॅटरी टाकली, पावसाळा संपेपर्यंत तीही बसली, कारण दोष आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीला जाणारं चार्जिंग आवरणारा भाग) होता आणि ते कोणी तपासलंच नव्हतं.

आधी ते टक-टक काय आहे ते सांगतो. सेल्फचा रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) ओढायला करंट किरकोळ लागतो, मोटर फिरवायला मात्र भरपूर. बटण दाबलं की रिले ओढतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज धाडकन पडतं, रिले सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं आणि रिले परत ओढतो, हेच चालू राहतं. पण टर्मिनल सैल असलं किंवा त्यावर पांढरी-हिरवी पावडर साचली असली तरी अगदी असाच आवाज येतो, तेव्हा पहिलं काम फुकटातलं: दोन्ही वायरी काढा, टर्मिनल पॉलिश पेपरने घासा, पावडर जास्त असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने साफ करा, कोरडं करून घट्ट आवळा. वरून थोडं व्हॅसलीन. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

नाही संपलं तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी रीडिंग घ्यायचं, फिरून आल्या आल्या घेतलंत तर आकडा फसवा येतो, जास्त दाखवतो. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी फुल आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकून बसली तर आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बसला, तिचा विषय संपला. पण खरी परीक्षा लोडवर. मीटरचे प्रोब (तारांची टोकं) बॅटरीच्या टर्मिनलवर धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली जाऊन आपटला आणि बॅटरी आधी नीट चार्ज केलेली होती, तर बदला, गॅरेजवाला बरोबर. नुसतं उभ्या गाडीवर १२.५ दाखवून सेल्फला ८ वर येणाऱ्या बॅटऱ्या खूप असतात, त्यामुळे दुकानदाराने नुसता मीटर लावून "चांगली आहे" म्हटलं तर मनावर घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चार्जिंग. किकने गाडी चालू करा, बॅटरीवर प्रोब ठेवून रेस द्या, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत. साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आलं पाहिजे. रेस देऊनही बारा-साडेबाराच्या वर हलत नसेल तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नाहीये, कपलर (वायरींचा जोड) जळालाय का ते आधी बघा, मग आरआर युनिट आणि मॅग्नेट कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी). पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट गेलंय आणि ते बॅटरी उकळवतंय, पाण्याची बॅटरी असेल तर सारखं डिस्टिल्ड वॉटर कमी होतं ते यामुळेच. आणि हो, काही मेस्त्री चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "बघा, बंद नाही पडत म्हणजे चार्जिंग आहे" असं दाखवतात. करू देऊ नका! व्होल्टेज उसळून सीडीआय (प्लगला स्पार्क देणारं युनिट) उडू शकतं, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), त्याचं बिल बॅटरीच्या कितीतरी पट.

चार्जिंग ठीक, तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मग जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर, असलं जे काही डायरेक्ट बॅटरीवरून जोडलंय ते काढून दोन दिवस बघा.

बदलणं सोपं आहे, घरी होतं. चावी बंद, आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची, मग लाल. लावताना उलटं, आधी लाल, शेवटी काळी. कारण लाल सोडवताना पाना चेसीला टेकला आणि काळी अजून जोडलेली असली तर ठिणगी उडते. जिथे सगळे वैतागतात ती जागा म्हणजे टर्मिनलच्या खाचेतला तो सुटा चौकोनी नट, स्क्रू लावायला गेलं की खाली पडतो आणि बॅटरीच्या खोक्यात गडप होतो. नटाखाली स्पंजचा छोटा तुकडा कोंबा, नट वर उचलून राहतो, स्क्रू लगेच धरतो.

बॅटरी घेताना जुनीवर लिहिलेले व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बघून तेवढीच घ्या, आणि प्लस कुठल्या बाजूला आहे तेही, नाहीतर वायर पोचत नाही. ॲसिड भरायची बॅटरी असेल तर दुकानदार ॲसिड ओतून लगेच गाडीत बसवायला बघेल, त्याला पहिलं चार्जिंग स्लो करायला सांगा, एएचच्या दहाव्या भागाने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअर. कारच्या चार्जरवर लावू देऊ नका. या प्रकारात बाजूला हवेची नळी असते, तिचं टोपण काढून गाडीतली पाइप लावायची आणि ती चेनवर येणार नाही अशी खाली सोडायची. जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिचे पैसे बिलातून कापून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का तिथेच उभं राहून मारून घ्या.