पोट चाळिशीनंतरच सुटतं का? तिशीत काळजी करायला हवी का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय: वय 32, उंची 168 सेंटिमीटर, वजन 72 किलो. घरचे म्हणतात की चाळिशीनंतर मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जाखर्च) मंदावतं, पोट सुटतंच, मग आत्तापासून कशाला चिंता? मी बडोद्यात आहारतज्ज्ञ आहे आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतून हे सतत ऐकते. ते खोडून काढावंसं वाटतं, कारण या समजुतीपायी लोक नेमकी सोपी वर्षं वाया घालवतात.

आधी मेटाबॉलिझम. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान, चरबी आणि स्नायू हिशेबात धरले तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, वर्षाला साधारण 0.7 टक्के.

मग पोट येतं कुठून? वर्षाला अर्धा किलो वाढला तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पंचविशी ते पंचेचाळिशी या वीस वर्षांत त्याचेच दहा किलो होतात. नोकरी लागते, स्कूटर येते, संध्याकाळचं खेळणं बंद होतं. मूल झालं की झोपेचं गणित बिघडतं, आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू घरातले सगळेच खातात. इथे तर घरी वरण-भात-तूप आणि बाहेर सेवउसळ, फाफडा-जलेबी, दोन्हीकडचं आपलंच. नवरात्रात रात्र रात्र गरबा खेळणारी मुलं उरलेलं वर्षभर खुर्चीत बसून असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. अंगात ताकद असते, ती वापरलीच जात नाही. स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात आणि बैठ्या माणसात ते जास्त वेगानं होतं.

बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या सुमारास आणखी एक बदल होतो. मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे साठू लागते, वजन फारसं न वाढतासुद्धा. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना मी काट्याआधी टेप हातात घ्यायला सांगते.

वयाचा चढउतार अमेरिकेच्या 2021-23 च्या राष्ट्रीय पाहणीत नीट दिसतो. तिथे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचं माप) 30 किंवा त्याहून जास्त असलेले, म्हणजे लठ्ठ, लोक 20 ते 39 वयात 35.5 टक्के, 40 ते 59 मध्ये 46.4 टक्के आणि साठीपुढे 38.9 टक्के होते. म्हणजे धोका मध्यमवयात सर्वांत जास्त, पण चाळिशीच्या आतच तिघांत एकाहून जास्त माणूस लठ्ठ झालेला.

साठीनंतरचा आकडा खाली येतो त्यात आनंद मानू नका. लठ्ठपणाच्या आजारांनी काही माणसं आधीच गेलेली असतात आणि मागे राहिलेल्यांचे स्नायू झडतात. आजोबा 'छान बारीक झाले' म्हणून घरचे खूश असतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. काही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र तसंच, असंही होतं. तिथे बीएमआय नॉर्मल दिसतो आणि फसवतो.

आता तुमचं. तुमचा बीएमआय 25.5 येतो. जागतिक मापानं हे 'जास्त वजन', पण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो म्हणून भारतीय मापात 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. कंबर मोजा: पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा, आणि शक्यतो उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे तुमच्यासाठी 84. जास्त भरली तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. दहा किलो उतरवायचा ध्यास आत्ता नको. यापुढचा अर्धा किलो चढू देऊ नका आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंवर जोर येईल असा व्यायाम करा, बैठका-जोर चालतील.

घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांना तुमच्यासोबत डाएटवर बसवू नका. त्यांच्या ताटात डाळ, ताक, पनीर किंवा अंडं वाढवा (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून), आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, ते बघा. येत नसेल तर त्याकडे आधी लक्ष द्या, वजनाचं नंतर.