कॉलेज संपल्यावर त्याच कॉलेजात कोच व्हावं का?

प्रश्न असा आहे: "मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून गोल्फ खेळतो. डिग्री झाली की त्याच कॉलेजात कोच व्हायचं म्हणतो. यात करिअर आहे का, की नुसता भावनेचा भर?"

करिअर आहे. पण हे उत्तर मी "त्याच कॉलेजात" या दोन शब्दांसाठी लिहितोय.

मी नऊ वर्षं माझ्याच कॉलेजात खो-खोचा कोच होतो. नाव सांगत नाही, आमच्याकडच्या लोकांना कळेलच. विद्यापीठाच्या टीममधून खेळलेलो, बी.पी.एड. झालेलं, संस्थेनं बोलावलं तसा धावत गेलो. पगार नाही, मानधन. तेही मार्च उलटल्यावर एकरकमी. विचारायला गेलं की हेडक्लार्क म्हणायचे, "तू काय परका आहेस का? घरचाच मुलगा." मला तेव्हा हे कौतुक वाटायचं.

सातव्या वर्षी टीम बांधून आणली होती. विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर. एके दिवशी पहाटे साडेपाचला फक्कीची पिशवी घेऊन मैदानावर गेलो तर खांबाच्या बाजूला दोन ट्रॉल्या खडी पडलेली. पार्किंग करायचं ठरलं होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरच्या माणसाला कोण सांगत बसतं! चेअरमनसाहेबांकडे गेलो, पण तोंड उघडेना. एफ.वाय.ला माझी फी त्यांनीच भरली होती. "जागेचं बघू," एवढं ऐकून परत आलो. मैदान आडवं सरकवलं, एक खांब कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर आला. पाचव्या दिवशी माझा सगळ्यात चपळ पोरगा वेगात खांबाबाहेर गेला आणि खांद्यावर भिंतीला बसला. कॉलरबोन. त्याला स्कूटरवर मध्ये बसवून, मागे एक जण धरून, दवाखान्यात नेलं. त्याच्या आईनं मला एक शब्दही विचारला नाही. तरीही मी पुढं दोन वर्षं तिथंच राहिलो, याची लाज मला अजून वाटते.

आता गोल्फ. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे स्टिलवॉटरला होतो, ओक्लाहोमात. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तिथल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाची राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल त्यांच्या स्वतःच्या गोल्फ-मैदानावर, कार्स्टन क्रीकवर होती, म्हणून जावई घेऊन गेला. गावच्या जत्रेसारखी गर्दी, सगळे नारिंगी कपड्यांत, खेळाडूंच्या मागून झाडीतून चाललेले. अलाबामाला ५-० हरवलं. पुढं मोठा व्यावसायिक गोल्फपटू झालेला व्हिक्टर होवलँड त्या टीममध्ये होता. कोच अ‍ॅलन ब्रॅटन. तो याच कॉलेजचा, १९९५ च्या विजेत्या टीममधला. त्या वर्षी टायगर वुड्सच्या स्टॅनफर्डशी बरोबरी झाली होती आणि ती सोडवायच्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, ओक्लाहोमा स्टेटनं बाजी मारली.

आणि त्या १९९५ च्या टीमचा कोच माइक होल्डर, तोही तिथलाच माजी खेळाडू. १९७३ मध्ये पंचविशीत कोच झाला, २००५ पर्यंत राहिला, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. पण मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कार्स्टन क्रीक त्यानं स्वतः पैसे उभे करून बांधून घेतला. आराखडा टॉम फाझिओचा, नाव गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइमचं, १९९४ साली सुरू. मैदान कोचनं उभं केलेलं, तिथं खडी कोण टाकणार? पुढं २००५ ते २०२१ तो त्या विद्यापीठाचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे सगळ्या खेळांचा प्रमुख होता.

माझे मेव्हणे बँकेत होते. दर दिवाळीला एकच टोमणा: "जिथून निघालास तिथंच परत गेलास, यात प्रगती काय?" होल्डर तर कुठंच गेला नाही म्हणा ना! परत जाण्यात कमीपणा नाही, मेव्हणे. हात हलवत परत जाण्यात आहे. तुमच्या पोराला एवढं सांगा: पोरं निवडणं, प्रवास, खर्च, हे कुणाच्या सहीनं होतं ते आधी विचार. "तू तर आपलाच" असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघ.

बाकी तुमच्या प्रश्नाचं. स्विंग, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारणं, शिकवणं हे तिथं कोचचं मुख्य काम नाही, चांगल्या पोरांचे आपापले शिक्षक असतात. खरं काम म्हणजे उन्हाळाभर ज्युनियर स्पर्धा हिंडून पोरं हेरणं, देणगीदार सांभाळणं, मार्क घसरू न देणं. स्पर्धेला पाच जण खेळतात, त्यातल्या सरस चौघांचे स्कोअर धरतात, त्यामुळे पाचवा कोण यावरून वर्षभर घरोघरी नाराजी, ती कोचनंच झेलायची. डिग्री घेतली आणि हेडकोच झाला असं सहसा होत नाही. आधी असिस्टंट. ब्रॅटनही असिस्टंट होता, मुलींच्या टीमचाही कोच होता, २०१३ साली मुलांची टीम मिळाली. मुलींच्या टीमचं काम आलं तर नाक मुरडू नका.

हो, मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल तर व्हिसाचं आधी बघा. विद्यापीठाच्या नोकरीसाठी एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागत नाही, तेवढा फायदा आहे, पण नियम सारखे बदलतात, वकिलाला विचारा. आणि खो-खोवाल्यानं गोल्फवर किती बोलावं, हेही लक्षात घ्या.

मागच्या दिवाळीत कॉलेजवरून गेलो होतो. पार्किंगमध्ये चार गाड्या आणि एक बंद पडलेली जीप होती.