तुम्ही फोटो नाही, नोंदी उडवल्यात

पत्र सातपूरच्या एका वडिलांचं आहे. मुलीला नीटला ३६२ मार्क, म्हणून कॉलेज रोडला रिपीटरची बॅच लावली, आणि ती क्लासच्या नावाने निघून गंगापूर धरणाकडे जाते, तिथे कोळ्यांना ओढत नेणाऱ्या गांधीलमाश्यांचे फोटो काढते आणि कुठली कुठे दिसली ते वहीत लिहिते. "परवा रागात मोबाईलमधले सगळे फोटो उडवले. आठ दिवस झाले, बोलत नाही. मन अभ्यासात कसं वळवू?"

दादा, मार्कांचं नंतर बघू. मला त्या आठ दिवसांची काळजी वाटतेय. अठरा वर्षांची पोर घरात असून बोलत नाही आणि तुम्ही मला रिपीटर बॅचचं विचारताय? तिने धरणावर टवाळक्या करताना काढलेले सेल्फी असते तर एक वेळ समजलं असतं, पण तुम्हीच लिहिलंय की प्रत्येक फोटोचा नंबर वहीत होता, तारीख होती, जागा होती. म्हणजे कोणी न सांगता, मार्क मिळणार नाहीत हे माहीत असताना पोरगी शिस्तीत काम करत होती आणि नेमकं तेच तुम्ही पुसलंत. वर अभ्यासात मन लागत नाही म्हणताय, कसं लागेल हो?

तुम्ही लिहिलंय, "आमच्या खिडकीत पण कुंभारीण मातीचं घर करते, ती पण कोळीच आणते, त्यात शोधायचं काय?" तर ती बारीक कमरेची कुंभारीण वेगळ्या कुळातली, ती एकेका खोलीत बरेच छोटे कोळी कोंबते. मुलगी बघतेय ते कुळ पॉम्पिलिडी, जगात सुमारे ५००० जाती. यातली मादी एका अंड्याला एकच कोळी धरते, बऱ्याचदा स्वतःपेक्षा जड, डंख मारून लुळा करते, मारत नाही, आणि पंख फडकावत, उलटी सरकत, गवतातून बिळापर्यंत ओढत नेते. मग त्याच्यावर अंडं घालते आणि अळी तो ताजा कोळी खाते. आता हे खरं की नुसत्या फोटोवरून जात बहुतेकदा ठरत नाही, पंखांच्या शिरा मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात. पण कुठली माशी, कुठला कोळी, कोणत्या तारखेला, कोणत्या बांधावर हे तिथे उकिडवं बसलेल्या माणसालाच लिहिता येतं. संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या किड्याखाली जागा-तारखेची चिठ्ठी नसेल तर तो किडा अभ्यासाला जवळपास बाद. तिची वही म्हणजे ती चिठ्ठी आहे.

पैशाचं खोटं सांगत नाही, निव्वळ वर्गीकरणावर पोट भरेल अशा नोकऱ्या मोजक्याच आहेत. बीएस्सी झूलॉजी, एमएस्सी, नेट, पीएचडी हा रस्ता सगळ्यांना माहितीये. मला विचाराल तर सीईटी देऊन बीएस्सी अ‍ॅग्री आणि पुढे कीटकशास्त्र, कारण नाशिकच्या द्राक्षबागांना कीड ओळखणारं माणूस कायम लागणार, आणि रविवारी धरण आहेच. सुट्टीत तिला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे तिथे घेऊन जा, आधी पत्र पाठवून, वही सोबत घेऊन. नीटची परीक्षा परत द्यायची की नाही हे तिला विचारा, मला नाही.

आणि बाळा, वाचत असशील तर, क्लासच्या नावाने धरणावर जाणं बंद. सांगून जा, एकटी नको, मैत्रीण घेऊन जा.

दादा, फोटो गूगल फोटोजवर बॅकअप होत असतील तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. तुम्ही एकटे खटपट करू नका, अजून काहीतरी उडवाल. आज रात्री मोबाईल तिच्या हातात द्या आणि चूक झाली म्हणा. वही तरी जागेवर आहे ना?