चैत्रात कृष्णा आटते, मग गंगा कशी वाहते?

प्रश्न : आम्ही हरिपूरचे. चैत्र-वैशाखात आमच्या कृष्णा-वारणेच्या संगमावर पाणी पार खाली जातं आणि कोयनेतून सोडलं की पुन्हा चढतं. काशीला गेलो तेव्हा मात्र भर मे महिन्यात गंगा वाहत होती. ते सगळं बर्फाचंच पाणी का?
— एक वाचक, हरिपूर (जि. सांगली)

उत्तर : सगळं नाही, पण बर्फाचं काम मोठं आहे. ते मी साताऱ्याच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. कळलं मात्र निवृत्तीनंतर, गंगेच्या उगमाकडे, गोमुखच्या वाटेवर. सकाळी सातला दगडांवर पाय ठेवत सहज ओलांडलेला एक ओढा परतताना दुपारी चारला मांडीपर्यंत चढला होता, गढूळ आणि खवळलेला. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता! वरचा बर्फ उन्हानं वितळून ते पाणी आलं होतं. म्हणून तिथले वाटाडे ओढे सकाळीच ओलांडायला लावतात.

हिवाळ्यातला पाऊस तिथे बर्फ होऊनच पडतो, साचून राहतो आणि मार्च ते जून, नेमका पाण्याचा तुटवडा असतो तेव्हा सुटतो. तोही हळूहळू. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी उष्णता लागते, त्यामुळे दोन दिवस ऊन तापलं म्हणून डोंगर रिकामा होत नाही. हिमालयातूनच येणाऱ्या सतलजचं पाणी भाक्रा धरणाशी मोजलं, तर वर्षाच्या पाण्यात निम्म्याहून जास्त वाटा बर्फाचा आणि हिमनद्यांचा असतो.

काशीपर्यंत तो वाटा बराच उतरतो. तिथे वर्षभराच्या पाण्यात मुख्य भाग पावसाचाच. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या जोडीला भूजलही पात्रात झिरपतं, कारण तिथला गाळाचा थर शेकडो मीटर जाड आहे. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो भेगांत आणि वरच्या मुरमात. ते किती दिवस पुरणार?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत, आणि बहुतेक लगेच वाहून जातो. तो अडवायला कोयनेचं 105 टीएमसीचं (म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं) धरण. त्यातलंही बरंच पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं. हिमालयातला बर्फ ऊन तापलं की आपोआप सुटतो. तुमच्या संगमावर पाणी यायला मात्र कुणीतरी धरणाचं दार उघडावं लागतं.

तरी एक साठा आपल्यालाही आहे. मे महिन्यात क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात जा आणि दगडी गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली हात धरा. माथ्यावरच्या जांभ्यात मुरलेला गेल्या आषाढाचा पाऊस आहे तो.