फेस फार, बिअर कमी

वाचक विचारतात : घरची बिअर आणि केग

बाटल्या धुवायचा कंटाळा आला की घरी बिअर करणारा माणूस केगकडे, म्हणजे गॅसच्या दाबावर बिअर ठेवायच्या पिंपाकडे, वळतो आणि त्याचे प्रश्नही बदलतात. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवट चवीची फुलं) मागे पडतात, वायसर, नळ्या आणि गॅस पुढे येतात. या वेळच्या पत्रांमध्ये नेमकं तेच झालंय. खाली जिथे नुसतं ‘केग’ म्हटलंय तिथे १९ लिटरचा, म्हणजे ५ गॅलनचा, स्टीलचा कॉर्नेलियस केग समजावा. सगळे त्याला ‘कॉर्नी’ म्हणतात. गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि पीएसआय हे दाब मोजायचं एकक.

प्रश्न : ग्लास भरला की पाऊण ग्लास फेसच असतो. म्हणून रेग्युलेटर १२ पीएसआयवरून ५ वर आणला. दोन दिवस बरं चाललं. आता फेस पूर्वीपेक्षा जास्त येतो आणि वर बिअर सपक लागते. नळी पाच फुटांची आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : रेग्युलेटरला हात लावलात तिथेच गाडी रुळावरून घसरली. फेस दिसला की दाब कमी करावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण आजार तिथे नसतो.

बिअर ३ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल आणि दाब ११-१२ पीएसआय असेल, तर हळूहळू एका लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस मुरतो. बहुतेक एल आणि लागर प्रकारांना एवढा गॅस छान बसतो. दाब ५ वर आणल्यावर हा मुरलेला गॅस बाहेर पडू पाहतो, आणि त्याला पहिली वाट मिळते ती नळीत. नळी पारदर्शक असेल तर अर्ध्या तासाने बघा, वरच्या बाजूला बुडबुड्यांचे लांबट कप्पे साचलेले दिसतील. नळ उघडला की ते कप्पे बिअर घुसळत बाहेर येतात. त्याच वेळी केगमधली बिअर गॅस गमावत बसलेली असते. म्हणून फेसही जास्त आणि चवही सपक.

तेव्हा दाब पुन्हा १२ वर न्या, आठवडाभर थांबा आणि खरा दोष शोधा. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. नळाला दोन-तीन तास हात लावू नका. मग एक ग्लास भरा आणि लगेच दुसरा भरा. पहिल्यात फेस आणि दुसरा नीट आला, तर नळ किंवा त्याच्या खांबातली नळी गरम होतेय. फ्रिजवर खांब बसवलेला असेल तर हे हमखास होतं. खांबात फ्रिजमधली गार हवा ढकलणारा छोटा पंखा बसवला की काम भागतं. दुसराही ग्लास तितकाच फेसाळ आला, तर नळी आखूड आहे, बिअरमध्ये गॅस जास्त मुरलाय किंवा वाटेत काहीतरी अडकलंय.

तुमच्या बाबतीत माझा संशय नळीवर आहे. आतून ३/१६ इंचाची व्हिनाइल नळी फुटामागे २ ते ३ पीएसआय दाब खाते असं तक्ते सांगतात. त्या हिशेबाने १२ पीएसआयला चार ते सहा फूट पुरायला हवी. पण ते तक्ते बारमधल्या धारेसाठी आहेत, मिनिटाला एक गॅलनच्या. घरी आपण सावकाश ओततो आणि धार सावकाश असली की नळी कमी दाब खाते. त्यामुळे दहा फूट घ्या. धार फार मंद वाटली तर प्रत्येक वेळी अर्धा फूट कापत जा. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही, म्हणून सुरुवात लांब नळीनेच करायची. आतून ४ मिलिमीटरची ईव्हीए बॅरियर नळी वापरलीत तर पाच-सहा फूट पुरते. नळ केगच्या वर असेल तर दर फुटाला साधारण अर्धा पीएसआय त्या उंचीतच जातो, तोही धरा.

बुडबुडे नळीच्या केगकडच्या टोकापासूनच निघत असतील तर गोष्ट वेगळी. केगवर नळी जोडायची जी तोंडं असतात त्यांना पोस्ट म्हणतात. बिअरच्या पोस्टखाली, तळापर्यंत जाणाऱ्या लांब पोकळ दांडीच्या गळ्यात, एक बारीक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते. ती चिरली की केगच्या वरच्या भागातला गॅस थेट बिअरच्या धारेत शिरतो. हा दोष शोधण्यात लोक महिने घालवतात. रिंगेची किंमत मात्र चहाच्या कपाइतकी. हॉप्सचा चोथा पॉपेटमध्ये (पोस्टच्या आतल्या स्प्रिंगच्या झडपेत) अडकला तरी असाच फेस येतो.

एवढं करून गॅस खरोखरच जास्त मुरलेला निघाला तर गॅसची जोडणी काढा, झाकणावरची सुरक्षा-झडप उघडून दाब सोडा आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच करा. दीड-दोन दिवसांत बिअर ताळ्यावर येते.

आणि नळ नेहमी पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडलेला नळ म्हणजे फेस तयार करायचं यंत्र.

प्रश्न : ५ पौंडांचा सिलिंडर तीन आठवड्यांत रिकामा झाला. केग दोनच होते. काटा शेवटपर्यंत ८०० दाखवत होता, मग एका दिवसात शून्यावर आला. (डॅलस)

उत्तर : आधी काट्याचं. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. थेंबभर द्रव उरला असेपर्यंत खोलीच्या तापमानाला दाब ८०० च्या वरच राहतो, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर ५०० च्या आसपास. म्हणून किती गॅस उरला ते काटा सांगत नाही, वजनकाटा सांगतो. सिलिंडरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकामं वजन कोरलेलं असतं. ते वजा करा.

एक केग मुरवून संपवायला दीड-पावणेदोनशे ग्रॅम गॅस लागतो. हवा काढायला जातो तो वेगळा. सव्वादोन किलोत आठ-दहा केग निघायला हवेत, तेव्हा तुमच्याकडे गळती नक्की आहे.

शोधायची कशी? स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बदलल्यावर साबणाचं पाणी लावून बघतो तसंच, पण भाग पाडून. रेग्युलेटरनंतरचा कॉक बंद करा, सिलिंडर उघडून दाब भरा, सिलिंडर बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा उतरलेला असेल तर दोष सिलिंडर ते कॉक या टप्प्यात आहे. तिथे बहुतेक वेळा नायलॉनचा वायसर दगा देतो. प्रत्येक वेळी सिलिंडर भरून आणला की तो नवा टाका आणि नट पान्याने आवळा. त्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. तिथे सील वायसर करतो, आटे नव्हे. पट्टीमुळे उलट वायसर नीट बसत नाही.

काटा जागचा हलला नसेल तर कॉक उघडून पुढे जा. पुढची परीक्षा रिकाम्या केगवर घ्या. भरलेल्या केगमध्ये बिअर स्वतःच गॅस पिते आणि काटा उतरतो, मग नसलेल्या गळतीमागे माणूस धावत सुटतो. केगमध्ये सर्वांत जास्त वेळा झाकणाची मोठी ओ-रिंग गळते. ती काढून पुसा, खाद्ययोग्य सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, झाकण बसवा आणि ३० पीएसआयचा झटका द्या म्हणजे ते घट्ट बसेल. तरी गळलं तर झाकण अर्धं फिरवून पुन्हा बसवा. जुन्या केगची तोंडं सोडा कारखान्यांत आदळून वाकडी झालेली असतात, त्यांना सिलिकॉनची मऊ रिंग मानवते. झाकणानंतर पोस्टवरची रिंग, पॉपेट आणि गॅसच्या आखूड दांडीची रिंग बघा. वापरलेला केग आणलात तर पाचही रिंगा डोळे झाकून बदला.

प्रश्न : करड्या रंगाचा डिसकनेक्ट (नळी पोस्टला जोडायचा तुकडा) केगवर अडकून बसलाय, निघतच नाही. (ऑस्टिन)

उत्तर : तो बिअरच्या पोस्टवर दाबून बसवलाय. करडा गॅसचा, काळा बिअरचा. बॉल-लॉक (डिसकनेक्ट बसवायचा एक प्रकार) केगच्या गॅस पोस्टच्या षट्कोनी कडेवर बारीक खाचा असतात, बिअरच्या पोस्टवर नसतात. आधी झाकणावरून सगळा दाब सोडा. मग कॉलर वर ओढून धरा आणि डिसकनेक्ट थोडाथोडा फिरवत सरळ वर उचला. पक्कड लावू नका, प्लास्टिक तुटतं.

प्रश्न : गढूळ आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) केगमध्ये भरली तेव्हा संत्र्याच्या रसासारखी होती. दोन आठवड्यांत तपकिरी झाली आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. (सिॲटल)

उत्तर : प्राणवायू. गढूळ आयपीएत हॉप्स भरमसाट असतात, त्यामुळे ती जेवढी लवकर बिघडते तेवढी स्टाउट ही काळी बिअर बिघडत नाही. उघड्या केगमध्ये वरून नळी सोडून भरली असणार. झाकण लावल्यावर एकदा ‘फुस्स’ करून हवा गेली असं समजणं हा भोळेपणा आहे. ३० पीएसआय भरून सोडलं की हवेचा सुमारे एक तृतीयांश वाटा मागे राहतोच. पाच वेळा केलं तरी पोकळीत दर दहा लाख भागांत आठ-नऊशे भाग प्राणवायू असतो, दहा वेळा केल्यावर तो तीन-चारवर येतो.

रिकाम्या केगसाठी त्याहून बरा उपाय पाण्याचा. केग जंतुनाशक द्रावणाने (स्टार सॅन असेल तर १९ लिटरला ३० मिलिलिटर) काठोकाठ भरा, झाकण लावा आणि ३-५ पीएसआय गॅसने ते बिअरच्या पोस्टमधून बाहेर ढकला. द्रावण जिथून निघेल तिथे निव्वळ गॅस येतो. मग आंबवण्याच्या भांड्याची नळी त्याच बिअरच्या पोस्टला जोडा आणि झाकणावरची झडप उघडी ठेवा. बिअर लांब दांडीतून तळाशी उतरते आणि गॅस वरून निघून जातो. झाकण उघडायचंच नाही. बिअर आत आल्यावर वरच्या पोकळीसाठी मात्र दाब भरून सोडणं दहाएक वेळा करा.

प्रश्न : सहाव्या दिवशी एअरलॉकचे (आंबवण्याच्या भांड्यावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले. केगमध्ये भरू का? (मेलबर्न)

उत्तर : बुडबुड्यांवर जाऊ नका, झाकण सैल असलं तरी ते थांबतात. हायड्रोमीटर, म्हणजे घनतामापक, तीन दिवस लागोपाठ तेच दाखवतोय का ते बघा. सुरुवात १.०५२ आणि शेवट १.०१३ असेल तर फरकाला १३१.२५ ने गुणा. ५.१ टक्के मद्यार्क येतो आणि काम झालेलं असतं. केगला तुमची घाई एक वेळ सोसेल. बाटलीत भरणार असाल तर अजिबात घाई नको, बाटल्या फुटतात.

प्रश्न : प्रत्येक खेपेला दवाखान्यासारखा, प्लास्टिकसारखा वास. भांडी चकाचक असतात. (स्लाव, इंग्लंड)

उत्तर : भांडी नव्हे, पाणी. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीन-क्लोरामाइनची माल्टमधल्या फिनॉलशी गाठ पडली की हा वास येतो, आणि तो नाकाला फार कमी प्रमाणातही जाणवतो. क्लोरामाइन उकळून सहज जात नाही. ३० लिटर पाण्यात अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) चुरून टाका, ढवळा, पाचेक मिनिटांत पाणी तयार. केग ब्लीचने धूत असाल तर ते आजच थांबवा. वासही येतो आणि स्टीललाही खड्डे पडतात.

प्रश्न : तळघरातल्या छोट्या बंद खोलीत फ्रिज आणि सिलिंडर ठेवले तर चालेल का? (शिकागो)

उत्तर : हिशेब करून बघा. ५ पौंड गॅस मोकळा झाला तर सव्वा घनमीटर होतो. ३ बाय ३ मीटरच्या, २.४ मीटर उंचीच्या खोलीत तो साधारण साडेपाच टक्के भरतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी अर्धा टक्का ही मर्यादा आहे. पाच टक्क्यांना डोकं दुखतं, धाप लागते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणजे लहान मूल आणि कुत्रा यांच्या पातळीवर. दाराला खालून फट ठेवा आणि कार्बन डायऑक्साइडचा अलार्म गुडघ्याच्या उंचीवर लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इथे काही कामाचा नाही, दुकानात नावं नीट वाचून घ्या. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा. आडव्या सिलिंडरमधून द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून रिकामा केग आणि रेग्युलेटर घेऊन आलाय. पुण्यात घरी बिअर करता येईल का? (पुणे)

उत्तर : नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बिअर त्यात येते. भावाकडे गोष्ट निराळी. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरवरचा कर उठला आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करायची मुभा मिळाली. विकता मात्र येत नाही. तिथेही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ साली परवानगी दिली.

पण केग माळ्यावर टाकू नका. हे केग मुळात सोड्याच्या सरबतांसाठीच होते, बॉल-लॉक पेप्सीवाल्यांचे आणि पिन-लॉक कोकाकोलावाल्यांचे. गाळलेलं पाणी ३ अंशांवर गार करा, २७ पीएसआय दाब ठेवा आणि आठवडाभर थांबा. एका लिटरमध्ये चार लिटर गॅस मुरतो, म्हणजे बाजारच्या सोड्याच्या तोडीचा. दहा फुटांची नळी इथे पुरणार नाही, वीस-पंचवीस फूट लागेल. कोकमाचं किंवा आल्या-लिंबाचं सरबत ग्लासात आधी घालून वर सोडा सोडा. केगमध्ये साखर आणि चोथा गेला की पॉपेट चिकटतात, आणि ओ-रिंगांना लागलेला आल्याचा वास महिनोन् महिने जात नाही.